भागाबाईची सव्वा मूठ

भागाबाई आपल्या जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, कधी थेट बोलली नाही. लग्न होऊन बुराई नदीकाठच्या या गावात आली तेव्हापासूनची ती रीत. पितांबर आबा ओट्यावर येऊन बसले की ती पदर कपाळापर्यंत ओढायची आणि जे सांगायचं ते गोठ्यातल्या म्हशीला सांगायची.

"चांदी, आज पानीनी पाळी आपली व्हती ना व? पन कोनी तरी पानी स्वतःना वावरमा फोडी लिधं," असं ती म्हशीच्या पाठीवर थाप मारत म्हणे. पलीकडे ओट्यावर आबांचा अडकित्ता सुपारीत अर्धाच थांबे. दुसऱ्या दिवशी पाणी भागाबाईच्या कपाशीला मिळे. घरातली पोरं म्हणायची, आपल्या खानदानात सगळ्यात शहाणी चांदी. मोठ्या गोष्टी सगळ्या तिच्यासमोर ठरतात.

ती मूळची एरंडोलकडची, चौथीपर्यंत शिकलेली. आबांचा धाकटा भाऊ वना हा तिचा नवरा. तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. एकुलती लेक सारिका सुरतेला दिलेली. दोन एकर कपाशी, एक म्हैस आणि चैत्रात ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, घालायच्या, असा बाईचा प्रपंच. चैत्रात गावातल्या निम्म्या बाया तिच्या अंगणात पातेलं घेऊन यायच्या, कारण बिबडीचं पीठ शिजवताना नेमकं कधी उतरवायचं हे तिच्या हाताला कळायचं. देवाचं करायची, पण गाजावाजा नाही. सकाळी दिवा, संध्याकाळी दिवा आणि मध्ये काम.

तिच्या पहिल्या मतदानाची गोष्ट गावात अजून सांगतात. तेव्हा कागदावर शिक्का मारायचा असे. सासरा सगळ्या सुनांना बैलगाडीत घालून शाळेत घेऊन गेला. कोणत्या चिन्हावर शिक्का मारायचा ते त्याने वाटेत सांगितलं होतं. पण आत गेल्यावर भागाबाईने तो कागद पाहिला. एकाखाली एक चित्रं मांडलेली, जसे देव्हाऱ्यात टाक मांडतात. आता एका देवाला कुंकू लावायचं आणि बाकीचे कोरडे ठेवायचे, हे तिच्या मनाला पटेना. तिने वरपासून खालपर्यंत एकेकाला शिक्का लावला, कागदाला हात जोडले आणि बाहेर आली.

"मारा का शिक्का?" सासऱ्याने विचारलं.

"बठ्ठास्ले मारा," ती म्हणाली.

सासरा कपाळ बडवून घेत राहिला. गाडीतल्या बाया हसून हसून लोळल्या. वना मात्र घरी आल्यावर तिला समजावत बसला. म्हणाला, ते देव नाहीत, माणसं आहेत. त्यातला एक निवडायचा आणि कुणाला निवडलं ते कुणाला सांगायचं नाही. "माले बी नही," असं तो म्हणाला तेव्हा तिला खोटं वाटलं. पण पुढच्या निवडणुकीला तो तिच्याबरोबर शाळेपर्यंत चालत आला आणि दाराबाहेर थांबला. परत येताना त्याने पाऊसपाण्याच्या, कपाशीच्या, सारिकाच्या खोकल्याच्या गोष्टी काढल्या, पण ते एक विचारलं नाही. तो जिवंत होता तोवर कधीच विचारलं नाही. भागाबाईला नवऱ्याने दागिने फारसे घातले नव्हते. हे एक दिलं होतं, ते तिने जपलं.

आता मुद्द्याचं. मागच्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि पितांबर आबांचा मुलगा योगेंद्र वॉर्डात उभा राहिला. पोरगा वाईट नव्हता. नळाचं पाणी चार गल्ल्यांत पोचत नव्हतं, त्यासाठी त्याने शिंदखेड्याच्या कचेरीत खेटे घातले होते. भागाबाईच्या मांडीवर खेळलेला, तिच्या हातची कळण्याची भाकर खाऊन वाढलेला. पण आबांना भाऊबंदांचा भरवसा वाटेना. मग त्यांनी जे केलं ते त्या खानदानात कुणी केलं नव्हतं. त्यांनी ऐन थंडीत कानबाईचा नारळ बाहेर काढला.

कानबाई ही आम्हा खान्देशातल्या घरांची माय. श्रावणात येते. नारळाला नथ, कुंकू, शालू लेववून तिला चौरंगावर बसवतात, रात्रभर गाणी होतात, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. घरचा जुना नारळ मग पुढच्या श्रावणापर्यंत कापडात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलेला असतो. तो मध्ये कुणी उठवत नाही. आबांनी उठवला. पाटावर ठेवला, सगळ्या भाऊबंदांना बोलावलं आणि म्हणाले, "एकेकानी हात ठेवा आनि सांगा, मत योगेंद्रले."

पुरुषांनी ठेवला. बायांनी ठेवला. थोरली जाऊ कमलबाई, म्हणजे आबांचीच बायको, तिनेही खाली मान घालून ठेवला. भागाबाईची पाळी आली. तिथे म्हैस नव्हती. ती पाटापुढे बसली, पदर सारखा केला आणि नारळाशीच बोलली.

"माय, तू कसाले उठनी व या थंडीमा? नीज तू."

नमस्कार केला, उठली आणि चपला घालून घरी गेली. हात ठेवला नाही.

आता खरं सांगायचं तर मतदानाच्या दिवशी तिने बटण योगेंद्रचंच दाबलं. पोरगा कामाचा आहे म्हणून दाबलं. आत ती एकटी होती आणि वना जणू बाहेर दारात उभा होता.

योगेंद्र पडला. तेही हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी. मग काय, भाऊबंदकीत कुजबुज सुरू झाली. नारळावर हात कुणी ठेवला नव्हता? भागाबाईने. मग फुटलं कोण? सांगायला नको. नळावर बाया बोलता बोलता गप्प व्हायला लागल्या. आबांनी ओट्यावर बसून सुपारी कातरत जाहीर केलं, की जो देवीशी फिरला त्याला या श्रावणात रोट मिळणार नाही.

रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद, पण साधा प्रसाद नव्हे. तो फक्त एका कुळाच्या माणसांनी खायचा. परक्याला द्यायचा नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही चालत नाही. ज्याला रोट मिळाला तो त्या कुळाचा. ज्याला नाही मिळाला तो कुणाचा? नवरा गेलेल्या, पदरी मुलगा नसलेल्या बाईला तर या गावाशी बांधणारा तेवढा एकच धागा. भागाबाईला ते ऐकून त्या दिवशी जेवण गेलं नाही. देवीने टाकलं असतं तर तिने मान खाली घातली असती. पण हे देवीने टाकलेलं नव्हतं.

कमलबाई एकदा दुपारी गुपचूप आली. तिचा जीव तुटत होता.

"भागा, माले माहीत शे तू योगेंद्रलेच दिधं. एक शब्द बोल ना. मी मिटाडी देस बठ्ठं."

"अक्का, आज सांगं म्हंजे उद्या बी सांगनं पडी."

"मंग सांगानं उद्या बी."

"आनि ज्या दिन दुसराले मत देवानं मनमा ई, त्या दिन काय सांगू? खोटं? तेबी कानबाईना नारळवर?"

कमलबाई उठली. जाताना दारातून म्हणाली, "तू मूळनीच हट्टी. एरंडोलनं पानीच तसं." आणि रडली.

श्रावण लागला. कानबाईला आठवडा राहिला असेल, तेव्हा गावात ज्योत्स्ना मॅडम आल्या. धुळ्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. लोक मत का देतात, कसं देतात, लोकशाहीबद्दल त्यांना काय वाटतं, असा त्यांचा अभ्यास चालला होता. त्यासाठी मतदारयादीतून काही नावं चिठ्ठ्या उचलाव्यात तशी उचललेली होती, आणि ज्याचं नाव निघालं त्याच्याशीच बोलायचं असा त्यांचा नियम. खांद्याला पिशवी, पायात चिखलाने माखलेल्या चपला, अशा त्या आबांच्या ओट्याशी आल्या. आबांनी खुर्ची मागवली, चहा मागवला, टोपी सारखी केली.

"इचारा. बठ्ठा घरनं मी सांगस."

"आबा, तुमचं नाव निघालेलं नाही."

"काय?"

"भागाबाई वना. हे नाव निघालंय. त्या कुठे भेटतील?"

ओट्यावर दोघेतिघे बसले होते, त्यांतला एक तोंडात धोतराचा सोगा धरून हसला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख काही तरी पेटलं. ते उठले, भागाबाईच्या अंगणाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "चांगलं शे की! बाईले आठे बोलावा. मॅडम इचारतीन, मत कोनले दिधं. आम्ही बी ऐकसूत. सरकारी कागद शे, खोटं बोलता येवाव नही."

"सरकारी नाही हो आबा, आमच्या अभ्यासाचा आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि मला त्यांच्याशी एकटीशी बोलायचं आहे."

"एकटीशी? आम्ही काय परके शेत का?"

मॅडम जरा घुटमळल्या. तेवढ्यात गोठ्यातून आवाज आला.

"चांदी, मॅडमले सांग. नाव मनं निघेल शे, ओट्यानं निघेल नही. बसानं व्हई तर आठे ये म्हना, शेणना वास चाली तर."

मॅडम गोठ्यात गेल्या. भागाबाईने त्यांना पालथ्या पाटीवर बसवलं. पाठोपाठ आबा आले आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. चुन्यासारखा पांढरा लेंगा, हातात अडकित्ता. मॅडमने पेन काढलं, पण प्रश्न विचारेनात. भागाबाईने पाण्याची बादली उचलली आणि फरशी धुवायला घेतली. पहिली बादली चांदीच्या पायाशी. दुसरी मधल्या नालीत. तिसरी दाराच्या रोखाने. शेणाचं हिरवं पाणी आबांच्या लेंग्याच्या काठापर्यंत आलं तसे ते एक पाय वर करून मागे सरले. चौथी बादली भरायला ती वाकली, तोवर दार मोकळं झालं होतं.

"आते इचार," ती म्हणाली आणि चांदीच्या पाठीला टेकून बसली.

मॅडम हसू आवरत वाचायला लागल्या. देशाचा कारभार लोकांच्या मताने चालावा, की एखाद्या खमक्या माणसाच्या हाती सगळं द्यावं, तुम्हाला काय वाटतं?

"खमक्या मानूस ओट्यावर बसेल शे. त्यानाच कारभार दखी ऱ्हायनू मी. लोकस्ना मतनीच चालू दे."

बायकांनी घरातल्या पुरुषांच्या सल्ल्याने मतदान करावं: पटतं, की नाही पटतं?

"सल्ला देवो ना. सल्लाले काय पैसा पडतस? मी बी त्यास्ले देस, कपाशीले कव्हय खत टाकानं ते. ते ऐकतस का? नही. मंग मीच कसाले ऐकू?"

"म्हणजे 'नाही पटत' लिहू?"

"मोठा अक्षरमा लिख."

मतदान केल्याने काही फरक पडतो का? नळाचं पाणी अजून चार गल्ल्यांत आलं नव्हतं. फरक पडतो असं कोणत्या तोंडाने म्हणावं? "पडस," ती शेवटी म्हणाली. "पानी नही उनं आजून. पन हात जोडीसन दारशी येतस ना पाच वरीसमा एक डाव? मना दारशी. वना नही आते, तरी येतस. मना नावले येतस."

मग तो प्रश्न आला. मॅडमने आवाज खाली केला. "मागच्या निवडणुकीत तुम्ही कुणाला मत दिलंत? सांगायचं नसेल तर नका सांगू."

कुडाच्या पलीकडे पैंजण वाजलं. कमलबाई तिथे उभी होती, कान लावून. भागाबाईला ते कळलं. एक नाव घ्यायचं, जरासं मोठ्याने, आणि नावही खरंच. कमलबाई धावत ओट्याकडे गेली असती. संध्याकाळपर्यंत सगळी भाऊबंदकी गोड झाली असती, आणि कानबाईच्या रविवारी रोटाचा तुकडा तिच्या तळहातावर पडला असता. तिच्या ओठांपर्यंत ते नाव आलं. चांदीने कान हलवला. भागाबाईने तिची मान खाजवली, जरा वेळ खाजवतच राहिली.

"सांगत नही," ती म्हणाली. "मतबी मनं आनि तोंडबी मनं. हाई लिखता ई का तुना कागदवर?"

"येईल काकू. त्याला वेगळा खण आहे."

"शे ना? दख, कागदले समजस ते मना भाऊबंदले समजत नही."

पलीकडचं पैंजण सावकाश लांब गेलं.

मॅडम निघाल्या तेव्हा आबा आडवे आले. "काय म्हने ती?"

"आबा, हे मी माझ्या घरीही सांगत नाही," मॅडम म्हणाल्या आणि पिशवी छातीशी धरून एस.टी.च्या थांब्याकडे गेल्या. आबा लाल झाले. गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "तिले रोट नही! सांगी ठेवा!"

गोठ्यातून या वेळी कुणी चांदीशी बोललं नाही.

कानबाईच्या आदल्या दिवशी रोटाचे गहू काढतात. ते कसे, तर कुळातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू पाटीत टाकायचे. गच्च भरलेली एक मूठ आणि वर पाव. सुरतेला गिरणीत असलेला असो, की पाळण्यातला असो, त्याची मूठ पडते. बायांची पडत नाही. त्या आपापल्या पुरुषाच्या मुठीतलं खातात. वना गेला तशी त्याची मूठ थांबली, आणि तेव्हापासून भागाबाई आबांच्या घरच्या मुठीतलं खात आली होती.

त्या सकाळी तिने डोक्यावरून अंघोळ केली. देव्हाऱ्यात दिवा लावला आणि बराच वेळ हात जोडून बसली. काय मागितलं ते तिचं तिला ठाऊक. मग कणगीतले स्वतःच्या हाताने निवडलेले गहू नव्या फडक्यात बांधले आणि आबांच्या घरी गेली. माणसांनी घर भरलं होतं. पाटीपुढे आबा, शेजारी कमलबाई सुपातून गहू पुढे करत होती, योगेंद्र नावं आठवून देत होता. भागाबाईला पाहूनही दारातून जा म्हणायला कुणाची जीभ उचलेना. नावं चालू राहिली. शेवटची मूठ पडली.

"झाये," आबा म्हणाले आणि हात झटकले.

भागाबाई पुढे झाली. पदर डोक्यावर होता, पण कपाळाच्या वर. तिने सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

"आबा, एक नाव ऱ्हायनं."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली होती. आबांना आधी कळलंच नाही की आपल्याला म्हणतेय. त्यांनी मागे वळून पाहिलं.

"कोनं?" योगेंद्रने विचारलं.

"भागाबाईनं."

"बाईना नावनी मूठ ऱ्हास नही," आबा म्हणाले. "रीत नही आपली."

"आनि कानबाईले थंडीमा उठाडानी रीत व्हती का?"

भागाबाई बोलत राहिली, आवाज न चढवता. "ती माय शे आबा, तुमनी पोलीस पाटील नही. आम्ले धराले तुम्ही तिले उठाडं. मी तिन्हाशी फिरनू नही. मी तिले निजाडं. मनं ज्या दिन चुकी त्या दिन ती दखी लेई, तुम्ही मधमा कसाले?"

मग तिने फडकं सोडलं, मूठ भरली, पाटीवर धरली आणि स्पष्ट म्हणाली, "भागाबाई." गहू पडले. वर पाव मूठ टाकली.

"काढा ते!" आबा गरजले. "काढा ते गहू बाहेर!"

योगेंद्र वाकला, पाटीत हात घातला आणि तसाच थांबला. गव्हांत गहू मिसळून गेले होते. आता कमलबाई बोलली. सुपाच्या आडून, नवऱ्याकडे न पाहता. पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"काढा ना. तिना कोनता शेत, दखाडा आम्ले."

"एक मूठ काढी टाक रे," आबा म्हणाले.

"काढा," कमलबाई म्हणाली. "आनि ती मना योगेंद्रना नावनी निंघनी तर?"

आबांनी पाटीकडे पाहिलं. नातवाची मूठ त्यात होती, त्यांची स्वतःची होती. कुळाची मूठ रोटातून काढून टाकायची म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते उठले, अडकित्ता शोधायला लागले. तो त्यांच्या हातातच होता. मग कुणाकडेही न पाहता ते ओट्यावर जाऊन बसले.

"चक्कीवाला धुई-पुशी ठेवी ऱ्हायना चक्की," कमलबाई पदर खोचत म्हणाली. "उशीर कसाले करतस? उचला."

योगेंद्रने पाटी उचलली. एका बाजूने भागाबाईने हात लावला. श्रावणातला चिखल, गल्ली निसरडी, दोघं जपून चालत होती. चक्कीच्या वळणाशी आल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काकी, खरं सांग. माले दिधं व्हतं ना?"

भागाबाईने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी भाकरीवर तूप जास्त मागताना असंच तोंड करायचा.

"पाटी नीट धर," ती म्हणाली. "सांडी जाई."